फाट्यावरचा फलक म्हणतो गाव १२११ साली वसलं. खरं काय धरायचं?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठावर. नाव मुद्दाम टाकत नाही, का ते पुढे वाचलंत की कळेल. मोठ्या रस्त्यावरून गावाकडं वळताना फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्याशेजारी, एक पत्र्याचा फलक होता. पिवळ्यावर काळी अक्षरं. वर गावाचं नाव, खाली 'स्थापना इ.स. १२११', त्याखाली 'गावच्या मूळपुरुषाची पुरातन मूर्ती मारुती मंदिराशेजारी आहे' आणि शेवटी सीनामाईच्या पवित्र तीरावर आपले सहर्ष स्वागत वगैरे. गावातल्याच हौशी लोकांनी वर्गणी काढून लावलेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला त्यात फलकाचे दोन्ही पाय वाकले. पाणी ओसरल्यावर तो पलीकडच्या उसाच्या सरीत पालथा सापडला, अर्धी अक्षरं गाळानं खाल्लेली. आता नवा करायचा आहे. मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी सोलापुरात नोकरीला आणि माझ्याकडं लॅपटॉप.

म्हटलं, लिहायचंच तर १२११ आलं कुठून ते बघावं. चार जणांना विचारलं, चौघांनी पाचव्याकडं बोट दाखवलं. शेवटी जुन्या पाटलांच्या वाड्यात पेटीत एक कागद निघाला. मोडीतला, वीतभर रुंद, हातभर लांब, घडीवर फाटलेला. मागं कुणीतरी पेन्सिलीनं मराठी आकड्यात १२११ लिहून ठेवलंय. तेवढ्यावरून स्थापना!

मला मोडी येत नाही. कुणी वाचून देईल का? आणि मुळात गावाची स्थापना धरतात तरी कशावरून?

जुळे सोलापूर
काय बे, लईच जुनं गाव की तुमचं! आमच्याकडं फलक लावायचा म्हटलं तर 'स्थापना: परवा' असं लिहावं लागंल.

उजनीबाधित
आमच्याकडं उलटा प्रकार. आमचं गाव करमाळा तालुक्यात. जुनं गाव उजनीच्या पोटात गेलं, नवं माळावर बसवलं. धरण १९८० ला पुरं झालं, त्याच्या थोडं आधी आमच्या लोकांनी बैलगाड्यांत दारं, चौकटी, तुळया घालून वर आणल्या. मग आमच्या गावाची स्थापना कधीची? सरकारी कागदावर नव्या गावठाणाची तारीख आहे. पण देव जुना, यात्रा जुनी, भावकीची भांडणं तर त्याहून जुनी.

उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा. म्हणजे धरण 'शून्य टक्के' झालं तरी आमचं गाव पाण्यातच. वाईट साली, अगदी मे महिन्यात उणे टक्के लागले की देवळाचा कळस आणि वाड्याचा चौथरा उघडा पडतो. मग आम्ही होडीनं जातो, नारळ फोडतो, म्हातारी माणसं 'हितं आमची चूल होती' म्हणून दाखवतात. पेपरात त्या दिवशी दुष्काळाची बातमी असते आणि आमच्या घरात माहेरी गेल्यासारखं वातावरण.

विषयांतर झालं, माफ करा. सांगायचं एवढंच, 'स्थापना' शब्दाला जपून हात लावा.

गुरुजी (सेवानिवृत्त)
सीनाकाठ, साल नंतर. आधी गावाची जागा बघा.

आपल्याकडं गाव म्हणजे दोन गोष्टी: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडायची, त्यावर नवी उभी राहायची. राख, शेण, हाडं, खापरं सगळं तिथंच जिरायचं, म्हणून त्या जागेची माती पांढुरकी होते आणि टेकाड चढत जातं. जुन्या गावात शिरताना चढ लागतो तो त्यामुळं. जुन्या कागदांत 'समस्त पांढरी' म्हटलं की सगळं गाव आलं.

तुमच्या शिवारात, सध्याच्या गावापासून वेगळी अशी पांढरी आहे का? नदीकाठची गावं पुरामुळं, रोगराईमुळं, लुटालुटीमुळं जागा बदलत. तिथं जाऊन बघा, पण काही उकरू नका.

मूळपुरुषाच्या मूर्तीचा फोटो जमल्यास टाका. मला शंका आहे.

कडक भाकरी
गुरुजी बरोबर बोलताहेत. माझं सासर सीनेकाठचंच, बहुतेक यांच्या पलीकडच्या तीरावर. सासूबाई सांगतात, दर उन्हाळ्यात पांढरीच्या टेकाडावरनं माती आणायची, धाब्यावर घालायला. ती खारी माती चोपून बसवली की पावसात धाबं गळत नाही. काळी माती उन्हात भेगाळते, तिचा उपयोग नाही. गावातल्या सगळ्या गाड्या तिथंच. त्या मातीत बांगड्यांचे तुकडे निघायचे, ते पोरी खेळायला घ्यायच्या. म्हणजे जुनं गाव उचलून नव्या गावाच्या डोक्यावर घातलं म्हणा की. आता सगळीकडं स्लॅब झाल्यानं टेकाड वाचलं.

अक्कलकोट रोड
खरा फलक बघायचा असेल तर नदीनंच खाली चालत जा! तुमची सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिथं संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. त्यातलं 'वाछि तो विजेया होईवा' हे वाक्य मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव वाक्यांत धरतात. जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून वाचणाऱ्याला आशीर्वाद! आपण पत्र्यावर काय लिहितो, 'सौजन्य' आणि खाली पाच फोटो.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात बहुमुखी शिवलिंग आहे, तेही बघून या. एका लिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत.

जुळे सोलापूर
३५९ कुणी मोजली बे?

अक्कलकोट रोड
तुझ्यासारख्यानं नक्कीच नाही.

सीनाकाठ
रविवारी गावी गेलो होतो. दोन कामं केली.

मूर्ती बघितली. लहानपणापासून बघतोय, पण नीट आजच. कमरेएवढी उभी शिळा, शेंदराची इतकी पुटं की नाकडोळे कळत नाहीत. मोबाईलची बॅटरी तिरकी धरली तेव्हा तीन कप्पे दिसले. सगळ्यात खाली तलवारवाला माणूस आणि त्याच्या मागं गाई, दोन की तीन. मधल्यात तोच माणूस, दोन्ही बाजूंना बायका. वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य.

मग पांढरीवर गेलो. गावापासून अर्ध्या मैलावर नदीच्या वळणाला आहे, आमच्याकडं नुसतं 'टेकाड' म्हणतात. पुरानं नदीकडची बाजू सुरीनं कापल्यासारखी उभी कापलीय, दोन पुरुष उंच. जवळ जाऊन बघितलं. वर हातभर मऊ पांढरट माती. त्याखाली राखेचा पट्टा, चार बोटं जाड, कापलेल्या भागभर सलग. राखेत भाजक्या मातीची ढेकळं, काडाचे ठसे उमटलेली. त्याखाली परत माती, परत खापरं, काळी-तांबडी. एक जात्याची अर्धी तळी अर्धवट बाहेर आलेली. गुरुजींनी सांगितलं होतं म्हणून हात लावला नाही, पण खरं सांगतो, हात शिवशिवत होते. एक निळ्या काचेचा बांगडीचा तुकडा खाली घसरलेल्या मातीत पडला होता. तो मात्र उचलून बघितला आणि परत ठेवला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, तिथं साती आसरांची जागा आहे, अवसेला फिरू नको.

गुरुजी (सेवानिवृत्त)
मूळपुरुष नव्हे, तो वीरगळ. गाई आहेत म्हणजे गोधन वाचवताना पडलेला माणूस. खालून वर वाचायचा: लढाई, मग अप्सरा त्याला घेऊन निघाल्या, मग शिवलोकात पूजा. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहो. ज्याच्यासाठी गावानं दगड उभा केला त्याचं नाव गाव विसरलं आणि त्याला पूर्वज करून टाकलं. असो, शेंदूर लागतोय म्हणजे मान आहेच. वीरगळ असलेली गावं आपल्या जिल्ह्यात रग्गड आहेत.

राखेचा थर बघून लगेच 'गाव जाळलं' म्हणू नका. चूल, भट्टी, वणवा, काहीही असू शकतं. भिंतीच्या भाजक्या मातीवरून घरं जळाली असावीत इतपत ठीक. पुरातत्त्व विभागाला पत्र टाका. पुढच्या पुरात ती बाजू आणखी ढासळेल.

मोडीमोडका
उशिरा आलो, सीनाकाठांनी व्यनितून (खासगी निरोपातून) फोटो पाठवले होते. दोन रात्री घेतल्या कागदानं. घडीवरची तीन ठिकाणची अक्षरं गेली आहेत, पण सांगाडा लागला.

सालाचं आधी. कागदावर आकडा नाहीच. साल शब्दांत आहे: 'सन इहिदे अशर मयातैन व अलफ'. हे अरबी आकडे. इहिदे अशर म्हणजे अकरा, मयातैन दोनशे, अलफ हजार. जोडले की १२११. पेन्सिलवाल्यानं इथपर्यंत अगदी बरोबर वाचलं होतं. चुकलं पुढं, तो आकडा इसवी सनाचा धरला तिथं.

हा सुहूर सन. मराठेशाहीतल्या दफ्तरात सर्रास हाच. तो मृग नक्षत्राला बदलतो, कारण सारा कारभार पेरणीवर. सुहूरचा इसवी करायचा तर ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची तारीख असेल तर ६००. कागदावर महिना रमजान आहे. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला होता. म्हणजे १२११ अधिक ५९९, इ.स. १८१०.

सीनाकाठ, तुमच्या फलकानं गाव एका फटक्यात सहाशे वर्षं म्हातारं केलंय.

वारीतला
थांबा थांबा. हे १२११ शके कशावरून नाही? शके १२११ म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आदलं वर्ष, ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पंढरपूर काही तुमच्यापासून लांब नाही. शके धरलं तर गाव यादवकाळातलं होतं. वीरगळही जुळतो. एवढं घाईनं १८१० कशाला करता?

मोडीमोडका
शंका रास्त आहे. अरबी शब्दांत लिहिलेलं साल शक नसतं हे एक. पण त्याहून पक्का पुरावा कागदातच आहे, मी सांगायचा राहिलो. सालाशेजारी संवत्सराचं नाव आहे, 'प्रमोदनाम'. संवत्सरं साठ, फिरून फिरून येतात. शकात १२ मिळवा, साठानं भागा, बाकी उरेल तो क्रमांक. १८१० चा ऑक्टोबर म्हणजे शके १७३२. १७३२ अधिक १२ म्हणजे १७४४, बाकी ४. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद. चौथं प्रमोद. बसलं.

आता तुमचा शके १२११ घ्या. १२२३ ला साठानं भागून बाकी २३, म्हणजे विरोधी. इ.स. १२११ धरला तर शके ११३३, बाकी ५, प्रजापती. दोन्ही बसत नाहीत. हातानं करून बघा, कॅलेंडरवर यंदाचं संवत्सर असतं त्यावरून सूत्र पडताळता येईल.

वारीतला
केलं. शके १९४७ ला विश्वावसू आलं, बरोबर. हार मानली. पण वाईट वाटलं हो.

जुळे सोलापूर
मी बी करूलालतो, माझी बाकी पावणेसात आली. 🙏

मोडीमोडका
आता कागदात काय आहे ते. हा स्थापनेचा कागदच नाही. हा कौल आहे, इस्ताव्याचा. मोकदम (म्हणजे गावचा पाटील) आणि समस्त रयत यांना सरकारातून दिलेला भरवसा. गाव ओस पडलंय, तुम्ही परागंदा झालात, तरी माघारी या, घरं बांधा, जमिनी लावा. पहिल्या साली सारा अगदी थोडा, दुसऱ्या साली त्याहून जास्त, असं चढत जाऊन शेवटी पुरा धारा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणतात. मागची बाकी मागणार नाही असंही एक कलम दिसतंय, पण नेमकं तिथं घडी फाटली आहे, म्हणून ते पक्कं धरू नका.

ओस का पडलं ते कागद सांगत नाही. काळ बघा मात्र. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. त्या धामधुमीत भीमा-सीनेचा मुलूख लुटला गेला, पेंढारी फिरले, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. जे लुटीतून वाचलं ते भुकेनं उठलं. अशा गावांना दफ्तरात एक शब्द आहे, 'बेचिराख'. आपण तो जळून खाक या अर्थानं वापरतो. मुळात बे-चिराग, जिथं दिवा लागत नाही ते. महसुली कागदांत बेचिराख गाव म्हणजे शिवार आहे, हद्द आहे, पण राहतं माणूस नाही.

तुमच्या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला विचाराल तर 'माघारी'. जे कधी नव्हतेच त्यांना माघारी या म्हणत नाहीत.

कडक भाकरी
अंगावर काटा आला. म्हणजे टेकाडावरनं उठलेली माणसं कौल घेऊन आली आणि आताच्या जागी बसली?

मोडीमोडका
शक्य आहे. पण कागदात जागा सांगितलेली नाही, आणि टेकाड कधी सुटलं हे खापरांचा जाणकारच सांगेल. दोन गोष्टींची गाठ आपण मारू नये. फलकावर तर मुळीच नको.

उजनीबाधित
बाहेर पडलेले सगळेच काही माघारी येत नसतात, हे मात्र लक्षात असू द्या. आमच्यातले निम्मे पुण्याला गेले ते गेलेच.

गुरुजी (सेवानिवृत्त)
सोलापूरचंच बघा. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, हे आम्हीही वर्गात शिकवलं. शिवयोगी सिद्धरामांच्या काळच्या लेखांत गावाचं नाव सोन्नलगी आहे. सोळाचा काही संबंध नाही. पण सोळा गावांची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून टिकली. तुमचं १२११ तसंच टिकेल, जर लगेच बदललं नाहीत तर.

सीनाकाठ
बदलायला निघालो आणि खरी गंमत सुरू झाली.

काल पारावर हे सगळं सांगितलं. पहिली प्रतिक्रिया: 'म्हणजे आपलं गाव नवं?' दुसरी: 'पलीकडच्या गावाला कळू देऊ नका.' (कडक भाकरी ताई, कृपया!) तिसरी आमच्या कबड्डीच्या पोरांची. त्यांनी मागच्या महिन्यात जर्सी छापून आणल्यात, पाठीवर मोठ्ठं १२११. चौदा नग. पैसे परत कोण देणार, हा सवाल थेट माझ्याकडं बघून.

पाटलांचे नातू वेगळ्याच तंबूत. कागद आमचा, आम्ही तो गाव बसवल्याचा म्हणून जपला, आणि तुम्ही म्हणता तो माघारी बोलावल्याचा. मी म्हटलं, अहो काका, ओस गावात पहिली चूल पेटवणारे तुमचेच पूर्वज असतील तर ते लहान काम आहे का? यावर ते गप्प बसले, पण कागद पेटीत ठेवून कुलूप लावलं. फोटो आहेत ते बरं.

मजकूर असा लिहिलाय, बघा:

'हे गाव सीना नदीच्या काठी जुन्या काळापासून नांदते आहे. मारुती मंदिराशेजारी गाईंच्या रक्षणार्थ पडलेल्या वीराचा वीरगळ आहे. ओस पडलेल्या या गावातील रयतेने इ.स. १८१० मध्ये कौल घेऊन पुन्हा वस्ती केली. नदीच्या वळणावरील पांढरीचे टेकाड जुन्या वस्तीची खूण आहे. तेथील माती काढू नये.'

गुरुजी (सेवानिवृत्त)
उत्तम. 'कौल घेऊन पुन्हा वस्ती केली' ऐवजी 'पुन्हा वस्ती करावी म्हणून १८१० मध्ये कौल मिळाला' असं करा. कौल मिळाला हे कागद सांगतो. ते कधी आले हे नाही.

मोडीमोडका
सहमत. आणि टेकाड फलकावर घालू नका. रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण फावडं घेऊन येईल, 'माती काढू नये' लिहिलंत तर दोन फावडी घेऊन.

सीनाकाठ
दोन्ही मान्य. टेकाडाचं वाक्य काढलं. पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय.

रंगाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला, एवढी अक्षरं या पत्र्यात बसत नाहीत, आणि अक्षरं बारीक केली तर मोटारसायकलवरून दिसत नाहीत. स्वागताची ओळ काढा म्हटलं तर सरपंच नको म्हणतात. शेवटी 'पवित्र तीरावर' काढलं, 'सहर्ष' काढलं.

जुळे सोलापूर
ते जर्सीचं काय ठरलं मग? मला ती काळजी लागूलाल्ये.

सीनाकाठ
त्यावर तोडगा निघाला, श्रेय मोडीमोडका यांचं. फलकावर आता 'सुहूर सन १२११ (इ.स. १८१०)' असं येणार. आकडा तोच राहिला, जर्सी वाचल्या. पोरांना फक्त कुणी सुहूर म्हणजे काय विचारलं तर उत्तर पाठ करायला सांगितलंय. एकानं पाठ केलं, बाकीचे त्याच्याकडं बोट दाखवतात.

अक्कलकोट रोड
आणि वीरगळ? शेंदूर काढून घेणार का? आतलं कोरीवकाम सुंदर निघेल.

सीनाकाठ
आईला विचारलं. ती म्हणाली, त्याला इतकी वर्षं उघडं ठेवलं नाही, आता ठेवायचं नाही. शनिवारी परत एक हात शेंदराचा लावून आली.